तिन्ही दारांवर एकच पाटी: गांबियाचा पेच, २०१६-१७

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात मतदान गोट्यांनी होतं. लहानपणी आपण खेळायचो तशाच काचेच्या गोट्या. मतदाराच्या हातात एक गोटी ठेवतात. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराचा रंग आणि फोटो असलेले पिंप मांडलेले असतात. हव्या त्या पिंपाच्या नळीत गोटी सोडली की आत बसवलेली घंटी एकदा वाजते. दोनदा वाजली तर बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला लबाडी कळते. गोटी तळाला आपटून आणखी आवाज होऊ नये म्हणून खाली वाळू किंवा भुसा टाकतात. मतदान केंद्राच्या आसपास सायकलींना बंदी असते, कारण सायकलची घंटी आणि पिंपाची घंटी यांत गल्लत व्हायला नको. लिहिता-वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी १९६०च्या दशकात ही पद्धत आली आणि टिकली.

१ डिसेंबर २०१६ रोजी या पिंपांनी राष्ट्राध्यक्ष याह्या जामे यांना घरी बसवलं. जुलै १९९४ मध्ये लष्करी बंड करून सत्तेवर आलेला आणि 'अल्लाची इच्छा असेल तर अब्ज वर्षं राज्य करीन' असं मुलाखतीत म्हणणारा हा माणूस बावीस वर्षांनी हरला. समोर होते आदामा बॅरो. जमीनजुमल्याच्या धंद्यातले, तरुणपणी लंडनमध्ये दुकानात सुरक्षारक्षकाची नोकरी केलेले, सात विरोधी पक्षांनी मिळून उभे केलेले. बॅरो ज्या पक्षातले, त्या पक्षाचे मूळ नेते उसैनू दारबो त्या वेळी तुरुंगात होते.

२ डिसेंबरला निकाल लागला आणि जामेंनी पराभव मान्य केला. दूरचित्रवाणीवर, कॅमेऱ्यासमोर, बॅरोंना फोन लावून, हसत हसत. राजधानी बांजुलच्या रस्त्यांवर लोक नाचले. आठवडाभराने, ९ डिसेंबरच्या रात्री, तेच जामे पुन्हा पडद्यावर आले आणि म्हणाले, हा निकाल मला मान्य नाही, नव्याने निवडणूक घ्या.

तिथून २१ जानेवारी २०१७ पर्यंतचे ४३ दिवस हा या लेखाचा विषय. एका छोट्या देशातलं सत्तेचं भांडण तीन पातळ्यांवरच्या संघटनांनी मिळून, जवळपास एकही गोळी न झाडता, कसं निस्तरलं? पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक समुदाय म्हणजे इकोवास, पूर्ण खंडाचा आफ्रिकी महासंघ आणि संयुक्त राष्ट्रसंघ, अशा या तीन संघटना. 'समन्वय' हा शब्द आंतरराष्ट्रीय अहवालांत इतक्या वेळा येतो की त्याचा पार चोथा झाला आहे. गांबियात तो प्रत्यक्ष कसा दिसला, एवढंच इथे पाहायचं आहे.

आठ दिवसांत काय बदललं

आधी जामे का फिरले ते पाहू. त्यावरून पुढचं बरंच उलगडतं.

५ डिसेंबरला निवडणूक आयोगाने आकडे दुरुस्त केले. एका भागातली बेरीज चुकली होती. आधी बॅरो २,६३,५१५ आणि जामे २,१२,०९९ असं जाहीर झालं होतं. दुरुस्तीनंतर बॅरो २,२७,७०८, जामे २,०८,४८७ आणि तिसरे उमेदवार मामा कांडे ८९,७६८. विजेता तोच राहिला, पण पन्नास हजारांवरची आघाडी एकोणीस हजारांवर आली. आयोगाचे अध्यक्ष अलियू मोमार एनजाय यांनी चूक स्वतःहून कबूल केली. प्रामाणिकपणाच होता तो. जामेंच्या हाती मात्र आयतं कोलीत मिळालं.

दुसरं कारण जास्त वजनाचं वाटतं. बॅरोंच्या आघाडीतल्या नेत्या फातुमाता जॅलो-तांबाजांग यांनी एका ब्रिटिश वृत्तपत्राला मुलाखत देताना सांगून टाकलं की वर्षभरात जामेंवर खटला चालेल. बेपत्ता झालेल्यांची आणि कोठडीत मेलेल्यांची यादी लांबलचक होती, त्यामुळे मागणी रास्तच. पण सत्ता हातात यायची होती, लष्कर अजून जामेंच्या मुठीत होतं, आणि मावळत्या हुकूमशहाला पुढचं घर तुरुंग आहे हे आत्ताच कळलं. तो खुर्चीला चिकटणार हे सांगायला ज्योतिषी नको.

या दोन गोष्टींमुळे पुढच्या मध्यस्थांपुढचा प्रश्न दुहेरी झाला. निकाल राखायचा आणि जामेंना जायला वाट ठेवायची. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलणं अवघड असतं.

जागा आणि जुने हिशेब

गांबियाचं क्षेत्रफळ सुमारे अकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जळगाव किंवा बीड जिल्ह्याएवढं. त्या वेळची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेली ही चिंचोळी पट्टी तीन बाजूंनी सेनेगलमध्ये घुसलेली आहे आणि चौथ्या बाजूला अटलांटिक महासागर. शेतात भुईमूग, किनाऱ्यावर युरोपातले पर्यटक. इंग्रजांनी नदी धरली, फ्रेंचांनी भोवतालचा मुलूख धरला आणि भाषा, नातीगोती, बाजार एकच असलेल्या लोकांचे दोन देश झाले. सेनेगलचा दक्षिणेकडचा कासामान्स प्रांत उरलेल्या देशापासून गांबियामुळे तुटलेला आहे. तिथे १९८० च्या दशकापासून फुटीर चळवळ चालू आहे आणि तिला जामेंचं अभय असल्याचा सेनेगलचा जुना संशय होता. ज्याचं जळतं त्याला कळतं. बांजुलमधला तमाशा सेनेगलच्या राजधानीला, डकारला, परवडणारा नव्हता.

सेनेगलने पूर्वीही एकदा सैन्य पाठवलं होतं. १९८१ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दावडा जवारा लंडनला राजघराण्यातल्या लग्नाला गेले असताना मागे बंड झालं, आणि सेनेगलच्या सैन्याने ते मोडून काढलं. त्यातून दोन देशांचा महासंघ झाला आणि १९८९ मध्ये मोडला. म्हणजे सेनेगलने एकट्याने पाऊल टाकलं असतं तर गांबियातल्या कित्येकांना ती थोरल्या शेजाऱ्याची दादागिरी वाटली असती. हे डकारमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

या संघटनांचा गांबियातला आधीचा हिशेबही फारसा गौरवाचा नव्हता. २००५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या पन्नासहून अधिक स्थलांतरितांची गांबियात हत्या झाली, त्यांतले बहुतेक घानाचे. इकोवास आणि संयुक्त राष्ट्रसंघाने मिळून चौकशी केली आणि दोष काही बहकलेल्या शिपायांच्या माथी मारून सरकारला मोकळं सोडलं. २००७ मध्ये जामेंनी आपण एड्स बरा करतो असा दावा केला; त्यावर शंका घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकारी बाईंना देशाबाहेर काढण्यात आलं. मानवी हक्कांच्या आफ्रिकी सनदेला 'बांजुल सनद' म्हणतात आणि त्या सनदेवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं कार्यालय बांजुलमध्येच आहे. त्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर माणसं गायब होत होती.

इकोवासचं एक मात्र नोंदवायला हवं. २०११ च्या गांबियाच्या निवडणुकीत वातावरण दहशतीचं आहे, असं उघड म्हणत त्यांनी निरीक्षक पाठवायला नकार दिला होता. निरीक्षक पाठवून गुळमुळीत अहवाल देणं सोपं असतं. न पाठवायला हिंमत लागते. पुढे मे २०१५ मध्ये सदस्य देशांच्या राष्ट्राध्यक्षांना दोनच कार्यकाळांची मर्यादा घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा आड आलेले दोन देश होते टोगो आणि गांबिया.

थोडक्यात, डिसेंबर २०१६ मध्ये शेजारपाजारी जामेंना मित्र उरला नव्हता. २०१३ मध्ये ते राष्ट्रकुलातून बाहेर पडले होते, ऑक्टोबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून बाहेर पडण्याची घोषणा केली होती, आणि त्या न्यायालयाच्या मुख्य अभियोक्ता फातू बेन्सुदा गांबियाच्याच. समन्वयाचं कौतुक करताना हे विसरू नये. दोस्त नसलेल्या माणसाविरुद्ध एकजूट करणं त्या मानाने सोपं जातं.

पहिले आठ दिवस

१० डिसेंबरला, जामेंच्या भाषणाला चोवीस तासही झाले नव्हते, तेव्हा तिन्ही संघटनांचं एकत्रित निवेदन आलं. तीन वेगवेगळी निवेदनं काढली असती तर एकात 'चिंता', दुसऱ्यात 'तीव्र चिंता' आणि तिसऱ्यात 'सर्व पक्षांनी संयम' असं आलं असतं आणि जामेंच्या वकिलांना त्यांतल्या फटी शोधायला महिना पुरला असता. एकाच कागदावर तिघांचं नाव होतं आणि मजकूर सरळ होता: निकाल मान्य करा, सत्ता शांतपणे सोपवा, निवडून आलेल्या माणसाच्या जिवाची हमी द्या. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेनेही निषेध केला. १२ डिसेंबरला आफ्रिकी महासंघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेने जामेंची ९ तारखेची घोषणा निरर्थक ठरवली.

१३ तारखेला विमान बांजुलला उतरलं. त्यात चार राष्ट्राध्यक्ष होते. लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ, त्या वेळच्या इकोवासच्या अध्यक्ष. नायजेरियाचे मुहम्मदू बुहारी, सिएरा लिओनचे अर्नेस्ट बाय कोरोमा आणि घानाचे जॉन महामा. बरोबर संयुक्त राष्ट्रसंघाचे मोहम्मद इब्न चंबास.

यांतल्या दोघांविषयी थांबून बोलायला हवं.

महामा स्वतः नुकतेच हरले होते. घानात ७ डिसेंबरला मतदान झालं आणि ९ तारखेच्या संध्याकाळी, जामे ज्या रात्री पलटले त्याच संध्याकाळी, महामांनी प्रतिस्पर्ध्याला फोन करून पराभव मान्य केला होता. चार दिवसांनी ते जामेंसमोर बसले. 'हरलेल्याने कसं जावं' हे शिकवायला त्यांना तोंड उघडायचीही गरज नव्हती. हा योगायोग होता. त्यांना त्या विमानात बसवणं मात्र कुणाच्या तरी डोक्यातून आलेलं असणार.

चंबास घानाचे मुत्सद्दी. डकारमधल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या पश्चिम आफ्रिका आणि साहेल कार्यालयाचे प्रमुख. त्याआधी ते २०१० पर्यंत कित्येक वर्षं इकोवासचे कार्यकारी प्रमुख होते, आणि नंतर सुदानच्या डार्फर प्रांतात आफ्रिकी महासंघ आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या संयुक्त मोहिमेचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. म्हणजे तिन्ही घरांच्या किल्ल्या त्यांनी कधी ना कधी कमरेला लावल्या होत्या. कोणाला फोन केला की काम होतं आणि कोणाला नुसतं पत्र जाऊन पडून राहतं, हे असा माणूसच जाणतो. संघटनांमधल्या समन्वयावर जाडजूड मार्गदर्शिका निघतात. त्यांत अशा माणसाला कुठला रकाना असतो?

त्या दिवशी बांजुलमध्ये काही ठरलं नाही. उलट पाहुणे शहरात असतानाच सैनिकांनी निवडणूक आयोगाच्या कार्यालयाचा ताबा घेतला. जामेंनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तिथे सुनावणीपुरते न्यायाधीशच नव्हते. ते नायजेरिया आणि सिएरा लिओनमधून आणायचे, आणि मे महिन्याआधी येणार नव्हते. न्यायालयाचं नाव पुढे करून वेळ काढायचा हा डाव होता.

१७ डिसेंबर: सगळ्यांत महत्त्वाचा कागद

नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, इकोवासची शिखर परिषद भरली आणि जे ठराव झाले त्यांची रचना मला या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. निकाल कायम. १९ जानेवारीला, राज्यघटनेने ठरलेल्या दिवशी, बॅरोंचा शपथविधी होणार आणि सदस्य देशांचे प्रमुख त्याला हजर राहणार. बॅरोंच्या संरक्षणाची जबाबदारी आमची. बुहारी मध्यस्थ, महामा सहमध्यस्थ. आणि निकालाची काटेकोर अंमलबजावणी व्हावी म्हणून आवश्यक ती सर्व पावलं उचलली जातील.

तारीख पक्की, पाहुणे पक्के, मध्यस्थांची नावं पक्की आणि शेवटी एक झाकलेली तलवार. आठवड्याच्या आत इकोवास आयोगाचे अध्यक्ष मार्सेल द सूझा यांनी तलवारीवरचं कापडही थोडं सरकवलं: राखीव फौजा सज्ज आहेत, नेतृत्व सेनेगलचं.

कामाची वाटणी त्या ठरावानंतर आपोआप झाल्यासारखी दिसते. धमकी इकोवास देणार, कारण सैन्य त्यांच्याकडे आणि ताप त्यांना. मान्यता आफ्रिकी महासंघ काढून घेणार, कारण खंडात कोण राष्ट्राध्यक्ष आणि कोण नाही हे ठरवण्याचा मान त्याचा. कायद्याचा शिक्का सुरक्षा परिषदेचा. १३ जानेवारीला महासंघाने जाहीर केलं की १९ जानेवारीपासून जामे हे आमच्या लेखी राष्ट्राध्यक्ष नसतील. तारीख तीच, भाषा तीच.

सहा वर्षांपूर्वी आयव्हरी कोस्टमध्ये नेमकं याच्या उलट झालं होतं. नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत विरोधी उमेदवार अलासान वातारा जिंकले, सत्तेवरचे लॉरां बाग्बो हटेनात. संयुक्त राष्ट्रसंघाने आणि इकोवासने वातारांना मान्यता दिली, इकोवासने बळाची भाषाही केली. आफ्रिकी महासंघाने आधी दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकींना पाठवलं, मग केनियाचे पंतप्रधान रायला ओडिंगांना, मग पाच राष्ट्राध्यक्षांची समिती नेमली. अंगोला बाग्बोंच्या बाजूला झुकलेला, दक्षिण आफ्रिका सत्तावाटपाच्या गोष्टी करणारी. प्रत्येक नवा पाहुणा आला की बाग्बोंना वाटायचं, याच्याकडे आणखी बरा भाव मिळेल. एका दुकानात घासाघीस जमली नाही तर माणूस पुढच्या दुकानात जातोच. एप्रिल २०११ मध्ये बाग्बो पकडले गेले तोपर्यंत सुमारे तीन हजार माणसं मेली होती.

गांबियात तिन्ही दुकानांवर एकच पाटी होती, आणि भावही एकच.

जानेवारी

नव्या वर्षात भीती वाढली. निवडणूक आयोगाचे अध्यक्ष एनजाय सेनेगलला पळाले. मंत्र्यांचे राजीनामे सुरू झाले. बायका-मुलांना घेऊन लोक सीमा ओलांडू लागले. १९ तारखेच्या आसपास संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित संस्थेने सेनेगलमध्ये पोहोचलेल्यांचा आकडा ४५ हजारांवर सांगितला, त्यांतली बहुसंख्य मुलं. एवढ्या लोकांना सामावलं ते बव्हंशी सीमेपलीकडच्या नातेवाइकांनी आणि गावांनी. तंबू लागले नाहीत, कारण मावशीचं घर होतं. मदत संस्थांची प्रादेशिक कार्यालयं डकारमध्येच असल्याने तयारीही लवकर झाली.

१३ जानेवारीला बुहारी, सरलीफ आणि महामा पुन्हा बांजुलला गेले. पुन्हा नकार. जाताना त्यांनी बॅरोंना बरोबर नेलं, मालीची राजधानी बामाकोला, आफ्रिका-फ्रान्स शिखर परिषदेला. तिथून बॅरो डकारला गेले आणि शपथविधीपर्यंत तिथेच राहिले. वरवर साधी वाटणारी ही हालचाल फार मोलाची ठरली. निवडून आलेला माणूस जिवंत आणि मोकळा असला पाहिजे. तो तुरुंगात गेला की सगळी मध्यस्थी त्याच्या सुटकेवर अडकून पडते. त्या दिवसांत बॅरोंचा आठ वर्षांचा मुलगा गांबियात कुत्र्याच्या हल्ल्यात गेला. बाप अंत्यविधीला जाऊ शकला नाही.

१७ जानेवारीला जामेंनी ९० दिवसांची आणीबाणी लावली, दुसऱ्या दिवशी संसदेने त्यांचा कार्यकाळ तीन महिन्यांनी वाढवला. पर्यटकांना विमानांनी परत नेलं जाऊ लागलं. उपराष्ट्राध्यक्ष इसातू एनजाय-सैदी यांनी राजीनामा दिला. आणि सेनाप्रमुख उस्मान बादजी, जे निकालानंतर एकदा इकडे आणि एकदा तिकडे होते, लोकांत मिसळून सांगू लागले की या मूर्खपणाच्या भांडणात मी माझ्या पोरांना मरायला पाठवणार नाही. काही हजारांचं सैन्य, समोर सेनेगल आणि नायजेरिया. हिशेब कठीण नव्हता.

१९ जानेवारी

संध्याकाळी डकारमधल्या गांबियाच्या दूतावासात, छोट्या खोलीत, बॅरोंनी शपथ घेतली. भाषणात त्यांनी सैनिकांना बराकीत राहायला सांगितलं आणि इकोवास, आफ्रिकी महासंघ, संयुक्त राष्ट्रसंघ यांच्याकडे मदत मागितली. न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव २३३७ एकमताने मंजूर केला. मसुदा सेनेगलचा, त्या वर्षी सेनेगल परिषदेचा अस्थायी सदस्य होता. म्हणजे सीमेवर ज्याचं सैन्य उभं, तोच न्यूयॉर्कमध्ये कागद लिहीत होता. रात्री सैन्य आत शिरलं. सेनेगलबरोबर नायजेरिया, घाना, माली आणि टोगोचे सैनिक या मोहिमेत होते. नायजेरियाची विमानं आणि एक युद्धनौकाही निघाली होती.

कायद्याच्या अभ्यासकांना इथे चावायला भरपूर आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या कलम ५३ प्रमाणे प्रादेशिक संघटनेला सुरक्षा परिषदेच्या परवानगीवाचून बळाचा वापर करता येत नाही. ठराव २३३७ मध्ये अशी परवानगी नाही. बळाच्या वापराची मुभा ज्यातून मिळते त्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली तो नाही. त्यात इकोवासला पाठिंबा आहे, पण 'प्रथम राजकीय मार्गांनी' असं म्हणून. बोलिव्हिया, उरुग्वे आणि इजिप्त यांनी मतदानानंतर स्पष्ट केलं की याला बळाची मुभा समजू नये. मग सैन्य कशाच्या आधारावर गेलं? बॅरोंच्या निमंत्रणावर. आणि बॅरो राष्ट्राध्यक्ष कशाच्या आधारावर? गोट्यांच्या, शिवाय त्या दिवशी महासंघाने आणि परिषदेने दिलेल्या मान्यतेच्या. शपथ आधी, मान्यता लगेच, मग निमंत्रण, मग सैन्य. हा क्रम एक पायरी चुकला असता तर सगळी इमारत एका देशाने दुसऱ्यावर केलेल्या आक्रमणासारखी दिसली असती. परवानगी स्पष्ट मागितली असती तर रशिया किंवा चीनने आडवं घातलं असतं, अशी शक्यता धरूनच मसुदा तसा मोघम ठेवला असावा असं माझं मत आहे. मोघमपणा ही इथे मुत्सद्देगिरी होती.

सैन्य थोडं आत आलं आणि थांबवलं गेलं. शेवटची संधी म्हणून गिनीचे राष्ट्राध्यक्ष अल्फा कोंडे आणि मॉरिटानियाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद उल्द अब्देल अझीझ बांजुलला गेले. मॉरिटानिया इकोवासचा सदस्य नाही. बुहारी आणि सरलीफ यांच्यापुढे नमायला जामेंना लाज वाटत असेल तर यांच्यापुढे नमता येईल. शुक्रवारी दुपारी बाराची मुदत दिली, ती चारपर्यंत ढकलली, ती उलटून गेली. रात्र गेली. २१ जानेवारीच्या पहाटे जामे पडद्यावर आले आणि पद सोडत असल्याचं सांगितलं. त्या रात्री ते कोंडेंबरोबर विमानात बसले, गिनीची राजधानी कोनाक्रीमार्गे विषुववृत्तीय गिनीला. हा वेगळा देश इकोवासचा सदस्य नाही आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचाही नाही. त्यांच्या आलिशान मोटारी मालवाहू विमानात चढवल्या गेल्या, आणि नव्या सरकारने तिजोरी जवळजवळ रिकामी असल्याची तक्रार केली.

किंमत कोणी मोजली

जामे निघाले त्या दिवशी तिन्ही संघटनांचं आणखी एक एकत्रित निवेदन आलं. १० डिसेंबरच्या निवेदनाइतकं ते अभिमानाने कोणी मिरवत नाही. जामे, त्यांचं कुटुंब आणि समर्थक यांची प्रतिष्ठा, सुरक्षा आणि हक्क जपण्यासाठी नव्या सरकारबरोबर काम करू, त्यांची मालमत्ता जप्त होणार नाही हे पाहू, त्यांना हवं तेव्हा मायदेशी परतता येईल, असा त्याचा आशय. माफी हा शब्द त्यात कुठेही नाही. तरी ज्यांची मुलं आणि नवरे कोठडीत मेले त्यांनी ते कसं वाचलं असेल?

मला त्या निवेदनावर सरळ टीका करवत नाही. पर्याय बांजुलमध्ये लढाईचा होता. पण डिसेंबरमध्ये कागद लिहिताना ज्यांची मतं मोजली होती, जानेवारीचा कागद लिहिताना त्यांना विचारलं गेलं नाही, ही नोंद राहायला हवी. प्रत्यक्षात नव्या सरकारनेच तो कागद फार मनावर घेतला नाही. काही महिन्यांतच न्यायालयाच्या आदेशाने जामेंची मालमत्ता गोठवली गेली. जानेवारी २०१९ मध्ये सत्यशोधन आयोगाच्या जाहीर सुनावण्या सुरू झाल्या, त्या घराघरांत पाहिल्या गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल आला: राजवटीच्या हातून २४० ते २५० माणसं मारली गेली.

उरलेल्या बाजूंकडे धावती नजर. इकोवासची फौज काही महिन्यांसाठी आली होती, तिला वर्षानुवर्षं मुदतवाढ मिळत राहिली. जून २०१७ मध्ये जामेंच्या कनिलाई गावात निदर्शकांवर गोळीबार होऊन एक माणूस मेला. बॅरोंनी तीन वर्षांत पायउतार होण्याचं आघाडीला दिलेलं वचन पाळलं नाही. पाच वर्षं पूर्ण केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये, पुन्हा गोट्यांनीच, दुसऱ्यांदा निवडून आले.

आणि हाच प्रयोग दुसरीकडे लावायला गेल्यावर काय झालं? जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा इकोवासने पुन्हा मुदत दिली, पुन्हा फौजांची भाषा केली. नायजर गांबियाच्या शंभरपटीहून मोठा. शेजारच्या माली आणि बुर्किना फासोमधल्या लष्करी राजवटींनी नायजरवरचा हल्ला हा आपल्यावरचा हल्ला समजू असं जाहीर केलं. नायजेरियाच्या सिनेटने विरोध केला, आफ्रिकी महासंघात एकमत होईना. मुदत उलटली आणि काहीच घडलं नाही. २०१७ मध्ये गांबियात शिरलेल्या फौजेत मालीचे सैनिक होते. २०२५ च्या जानेवारीत माली, बुर्किना फासो आणि नायजर तिघेही इकोवासमधून बाहेर पडले.

१५ डिसेंबर २०२४ रोजी अबुजात इकोवासच्या प्रमुखांनी जामेंच्या काळातल्या गुन्ह्यांसाठी गांबियाबरोबर विशेष न्यायाधिकरण उभारायला मंजुरी दिली. आठ वर्षांपूर्वी, दोन दिवसांच्या फरकाने, याच शहरात १९ जानेवारीची तारीख पक्की झाली होती. जामेंना हवं तेव्हा परत येण्याची मुभा देणाऱ्या कागदावरही इकोवासचंच नाव आहे. जामे मात्र अजून परतलेले नाहीत.